एका फ्रिगेटची लाकडी प्रतिकृती

शिडाच्या युद्धनौकेची प्रतिकृती करायला बसणाऱ्याला सर्वांत आधी एक साल ठरवावे लागते. जहाज दशकानुदशके पाण्यात असते. तेवढ्या काळात तोफा बदलतात, कठडे उंचावतात, पिछाडीच्या खिडक्या कमी-जास्त होतात, रंग तर अनेकदा कप्तानाच्या मर्जीवर चालतो. 'व्हिक्टरी' ही इंग्रजी युद्धनौका १७६५ साली चॅथमच्या गोदीतून पाण्यात उतरली आणि तिचे नाव झाले ते १८०५च्या ट्रफाल्गरच्या लढाईमुळे. तिच्या पिछाडीचे उघडे सज्जे त्या लढाईआधीच्या मोठ्या दुरुस्तीत बंद केले गेले होते. प्रतिकृतीवर उघडे सज्जे आणि खाली पाटीवर ट्रफाल्गर असले, की कारागिरी कितीही सुबक असो, ते जहाज कधीच अस्तित्वात नव्हते असे म्हणावे लागते.

मुंबईत बांधलेल्या 'त्रिंकोमाली' या फ्रिगेटच्या बाबतीत हा प्रश्न फारच टोकदार होतो. ब्रिटिश नौदलाने हिची मागणी १८१२ साली नोंदवली. आराखडे 'जावा' या युद्धनौकेवरून मुंबईला निघाले; पण ब्राझीलच्या किनाऱ्यालगत डिसेंबर १८१२मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पराभव केला आणि आराखडे जहाजासकट गेले. नकला पुन्हा काढून पाठवाव्या लागल्या. एप्रिल १८१६मध्ये कणा बसवला गेला, पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली घडलेले हे सागवानी जहाज पाण्यात उतरले. १८१९ साली ते इंग्लंडला पोहोचले तोवर नेपोलियनची युद्धे संपली होती. नव्या फ्रिगेटला कामच उरले नव्हते. १८४५पर्यंत ती राखीव ताफ्यात पडून राहिली. मग तिच्या चौकोनी पिछाडीला नवा आकार दिला गेला, तोफा कमी पण अधिक जड केल्या गेल्या आणि १८४७ साली ती पहिल्यांदा खऱ्या नोकरीवर निघाली, ती फ्रिगेट म्हणून नव्हे, तिच्याहून खालच्या दर्जाची कॉर्व्हेट म्हणून.

त्यामुळे शेहेचाळीस तोफा आणि चौकोनी पिछाडी असलेली 'त्रिंकोमाली' दाखवणारी प्रतिकृती आराखड्याला धरून असते, पण त्या साजात ही नौका कधी लढायला गेली नाही. १८२५चे साल पकडले तर नौका राखीव धक्क्यावर पडून असलेली दाखवावी लागेल आणि शिडे, तोफा, दोर यांना रजा द्यावी लागेल. असले काम कोणी हौसेने करत नाही. १८५२नंतरची, पॅसिफिक महासागरात गेलेली कॉर्व्हेट करावी तर 'त्रिंकोमाली' ज्या लेडा वर्गातली, त्या वर्गाचे मूळ आराखडे वरच्या भागापुरते निरुपयोगी ठरतात. बहुतेक जण १८१७ घेतात. वाडियांच्या गोदीतून बाहेर पडताना जहाज कसे असावे, हा प्रश्न तेवढा सोडवण्याजोगा राहतो, आणि मुंबईशी असलेला संबंधही त्याच सालात सर्वांत घट्ट आहे.

लेडा वर्गाची रेषा मुळात फ्रेंच. १७८२ साली इंग्रजांनी पकडलेल्या 'एबे' या फ्रिगेटवरून ती घेतली गेली. त्या काळच्या नौदलाच्या आराखड्यात तीन दृश्ये असतात: बाजूने, वरून (अर्धेच, कारण दुसरी बाजू तशीच) आणि समोरून-मागून घेतलेल्या छेदांचे. तिन्हींमधल्या रेषा एकमेकींशी जुळायला हव्यात. प्रत्यक्षात त्या तंतोतंत जुळत नाहीत. दोनशे वर्षे जुना कागद आकसलेला असतो, तोही लांबीत वेगळा आणि रुंदीत वेगळा. नक्कल काढताना आणखी थोडी ओढाताण होते. म्हणून जाणता कारागीर छापील प्रमाणावर विसंबत नाही. आराखड्यावर काढलेली मोजपट्टी तो आधी मोजतो, मग तोफांच्या डेकची ज्ञात लांबी मोजतो, मग रुंदी, आणि आडव्या-उभ्या दिशांना वेगवेगळी दुरुस्ती देऊन रेषा नव्याने काढतो. या कामात महिने जातात आणि दाखवायला काहीच नसते. घरच्यांना वाटते, अजून सुरुवातच झालेली नाही.

प्रमाण बहुधा १:४८ घेतले जाते. फुटाला पाव इंच, हे इंग्रजी गोदीचे जुने प्रमाण. आराखडेही त्याच मापात काढलेले असत. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी ज्या प्रतिकृती घडल्या त्यांतल्याही बऱ्याच याच प्रमाणात आहेत. त्यांच्या पोटाखालच्या भागाला फळ्या लावत नसत, बरगड्या उघड्या ठेवत. सॅम्युअल पीप्ससारख्या नौदल अधिकाऱ्यालाही त्यांचा शौक होता. आज त्यांचे मोठे संग्रह लंडनमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयाकडे आणि अमेरिकेत ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत आहेत. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी जेवणातल्या हाडांपासून केलेल्या नौकाही संग्रहालयांत भेटतात. त्या देखण्या असतात, पण त्यांची मापे नजरेची. अभ्यासाला त्या घेऊ नयेत.

१:४८मध्ये 'त्रिंकोमाली'चा तोफांचा डेक सुमारे ९५ सेंटीमीटर होतो, रुंदी २५ सेंटीमीटर. पुढे झुकलेली काठी आणि मागची डोलकाठी धरली तर घरातले एक अख्खे टेबल अडते. १:९६ घेतले की लांबी निम्मी होते, पण आकारमान आठवा हिस्सा उरते, आणि कप्प्या राईच्या दाण्याएवढ्या होतात. जागा नसलेल्या मुंबईच्या घरात १:६४ हा समजूतदार मार्ग आहे.

बाजारात तयार संच मिळतात. त्यांत कण्यावर आडवे पडदे उभे करून त्यांवर पातळ पट्ट्यांचे दोन थर चढवायचे असतात. पहिल्या जहाजासाठी ही पद्धत चांगली, कारण आकार हातात येतो. संचातल्या बाकी सामानाची मात्र पारख करावी लागते. एकाच साच्यातल्या तोफा, जाडजूड सूत, गडद अक्रोडाच्या पट्ट्या हे सारे प्रमाणापेक्षा दिसण्यासाठी निवडलेले असते. पुढचे जहाज करणारा माणूस सहसा संचातली अर्धीअधिक पेटी बाजूला ठेवतो आणि त्यानंतर संच घेणेच सोडतो.

लाकडाच्या निवडीत पहिला धक्का बसतो. खरे जहाज सागाचे, तेव्हा प्रतिकृतीही सागाची असावी असे नवख्याला वाटते. मुंबईच्या जहाजांची कीर्तीच सागावर उभी होती. मलबारचा साग तेलकट, त्यामुळे लोखंडी बोल्ट त्यात गंजत नसत; ओकमधले आम्ल मात्र लोखंड खात असे. पण सागाची छिद्रे आणि वर्षकड्या डोळ्यांना दिसण्याएवढ्या मोठ्या. प्रतिकृतीची फळी पाच मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर सागाचा रेषांचा पट्टा आला की ती अठ्ठेचाळीस पटींनी मोठ्या झाडातून कापल्यासारखी वाटते. लाकूड प्रमाणात लहान होत नाही, म्हणून ज्याच्या रेषा मुळातच दिसत नाहीत असे लाकूड हवे. युरोपात त्यासाठी नासपतीचे झाड आणि बॉक्सवुड वापरतात. आपल्याकडे हेदू, म्हणजे हळदू, उत्तम चालतो. पिवळसर, घट्ट, एकसारखा, आणि काही वर्षांत त्याचा रंग मधासारखा मुरतो. डेकसाठी काळा कुडा घ्यावा. हस्तिदंती पांढरे, अतिशय बारीक रेषांचे हे लाकूड चन्नपट्टणची खेळणी करणारे वापरतात. नौकेच्या कमरेभोवतीच्या जाड काळ्या पट्ट्यांसाठी टेंभुर्णीचा काळा गाभा मिळाला तर रंग लावावाच लागत नाही. तो मिळवणे कठीण, आणि गाभ्यात करड्या रेघा निघाल्या की अर्धे लाकूड वाया. वखारीत या लाकडांचे लहान तुकडे मागितले की आधी हसतात. जुनी फळकुटे चाळू देणारा वखारवाला सापडणे ही या छंदातली खरी मिळकत.

बरगड्या सलग कापता येत नाहीत. वळणाच्या ठिकाणी रेषा आडव्या पडल्या की लाकूड तिथेच मोडते. म्हणून खऱ्या गोदीप्रमाणे एकेक बरगडी तुकड्या-तुकड्यांची, दोन थरांची, सांधे चुकवून चिकटवतात. प्रत्येक तुकड्यात रेषा वळणाबरोबर जाते. त्या कण्यावर उभ्या करताना एक पद्धत अशी की सगळे जहाज उलटे, नाळ आणि पिछाडी खाली, पाटावर साच्यात बांधायचे; बरगड्यांची वरची टोके साच्याच्या खाचांत अडकतात आणि जहाज वाकडे होण्याची धास्ती बरीच कमी होते. मग एक लवचीक पट्टी बरगड्यांवर आडवी धरून पाहतात. ती कुठे टेकत नाही, कुठे उचलते, तिथे पॉलिशपेपर. हे घासणे डोळ्यांपेक्षा बोटांना चांगले समजते. खरा कारागीर अनेकदा डोळे मिटून हात फिरवतो, कारण सावली फसवते आणि बोट फसत नाही.

फळ्या लावणे हा या कामाचा गाभा. मधल्या भागात कण्यापासून कमरेपर्यंतचा घेर मोठा असतो, नाळेपाशी तो निम्म्याच्या आसपास येतो, पिछाडीकडे खाली पुन्हा फाकतो. तितक्याच फळ्या या तिन्ही जागी पुरवायच्या. म्हणून प्रत्येक फळीची रुंदी प्रत्येक बरगडीवर वेगळी निघते आणि ती आधी कागदी पट्टीवर टिपून घ्यावी लागते. नवख्याची सोपी युक्ती म्हणजे नाळेकडे फळीला टोक काढणे. संचातून केलेली जहाजे दुरूनच ओळखू येतात ती या सुरीसारख्या टोकांवरून. गोदीत असे कधी करत नसत, कारण टोकाला ना खिळा धरत, ना फटीत काथ्या आणि डांबर बसत. फळी निम्म्याहून अरुंद होऊ लागली की दोन फळ्यांची जागा पुढे एकाच फळीला द्यायची, आणि पिछाडीला जागा उरली की मध्ये एक जादा तुकडा घालायचा, हा नियम. लांबीतल्या जोडांनाही नियम असतो: एका बरगडीवर आलेला जोड त्यावर-खालच्या तीन ओळींमध्ये पुन्हा येऊ नये.

हेदूची दीड मिलिमीटर जाडीची पट्टी नाळेच्या वळणाला वाकवायची तर ती थोडा वेळ पाण्यात ठेवतात, मग तापलेल्या सोल्डरिंगच्या हत्यारावर किंवा इस्त्रीच्या कडेवर हळूहळू दाबत नेतात. घाई केली की आतल्या बाजूला सुरकुती आणि बाहेरून तडा. वाकलेली पट्टी ओली असतानाच जहाजाला चिकटवण्याचा मोह होतो. तसे केले तर ती दोन दिवसांत सुकून आकसते आणि शेजारच्या फळीपासून केसभर फट पडते. म्हणून ती साच्यावर बांधून रात्रभर ठेवायची, सकाळी कडा पुन्हा जुळवायच्या, मगच डिंक. खऱ्या जहाजात फळ्यांमधली डांबराची फट सात-आठ मिलिमीटरची असते. १:४८मध्ये ती मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी होते. फळीच्या कडेवर मऊ पेन्सिल एकदा फिरवली तरी पुरते. काळा दोरा किंवा मार्कर वापरला की जहाज पट्टेरी पायजमा घातल्यासारखे दिसते.

फळ्या बरगड्यांना लाकडी मेखांनी ठोकलेल्या असत. प्रतिकृतीत त्या बांबूच्या करतात. बांबूची कामटी चिरून, सोनार तार बारीक करायला वापरतात तशा भोकांच्या पोलादी पट्टीतून एकेका लहान भोकात ओढत नेली की पाऊण मिलिमीटरची एकसारखी काडी मिळते. बांबूचे रेशे उभे आणि चिवट, त्यामुळे लाकूड तुटते तिथे तो टिकतो. मेखांची संख्या हजारांत जाते. त्या रंगाने फळीपेक्षा किंचितच वेगळ्या असाव्यात, प्रकाश आडवा पडला तरच दिसाव्यात. पुष्कळ प्रतिकृतींवर त्या गडद ठिपक्यांसारख्या उठून दिसतात; मेहनत दिसावी म्हणून केलेला हा अट्टाहास जहाजाला गोवर आल्यागत करतो.

पोटाखालच्या तांब्याच्या पत्र्यांचेही तेच. खरे पत्रे साधारण चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद, म्हणजे प्रतिकृतीत इंचभर लांब आणि सात-साडेसात मिलिमीटर रुंद. पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर यावी, म्हणजे पाणी कडेखाली शिरत नाही. म्हणून ते पिछाडीकडून नाळेकडे लावत जातात. खिळ्यांची डोकी पत्र्यात बुडवलेली असत. विकत मिळणाऱ्या पत्र्यांवर ती फोडांसारखी वर आलेली असतात, आणि प्रमाणाने पाहिले तर प्रत्येक खिळा लिंबाएवढा ठरतो. साधा तांब्याचा कागदी पत्रा कापून लावणे अधिक खरे दिसते.

लेडा वर्गाच्या मूळ योजनेत अठरा पौंडी गोळ्याच्या २८ लांब तोफा तोफांच्या डेकवर, बाकी नऊ पौंडी तोफा आणि बत्तीस पौंडी आखूड कॅरोनेड वरच्या डेकच्या पुढच्या-मागच्या भागांत. शिशाच्या ओतीव तोफा घेऊ नयेत. बंद काचेच्या पेटीत लाकडातून आणि डिंकातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरी भुकटी होऊन झडू लागते. जुन्या संग्रहांत हा रोग नेहमीचा. पितळ कातून तोफा कराव्यात आणि त्या काळ्या कराव्यात.

दोरांशी आले की वेगळाच हिशेब सुरू होतो. डेव्हिड स्टील यांचा १७९४चा ग्रंथ आणि जेम्स लीस यांचे इंग्रजी युद्धनौकांच्या डोलकाठ्या व दोरांवरचे पुस्तक ही दोन्ही हाताशी असली तर प्रत्येक दोराची जाडी मिळते. मात्र जुन्या कागदांत दोराचे माप घेराचे असते, व्यासाचे नव्हे. सहा इंची दोर म्हणजे व्यास जेमतेम ४८ मिलिमीटर, १:४८मध्ये बरोबर एक. तो व्यास समजला तर प्रतिकृतीत तीन मिलिमीटरचा सोल येतो, आणि जहाज विहिरीच्या दोरांनी बांधल्यासारखे दिसते. दुकानातले सूत पिळात उलटे असते किंवा त्यावर केस उठलेले असतात, म्हणून दोर घरीच वळतात. एका टोकाला तीन आकड्या दातेरी चाकांवर फिरतात, दुसऱ्या टोकाला एकच आकडी सरकत्या गाड्यावर. तिन्ही पदर आधी एका दिशेला पिळले जातात, मग एकत्र येताना उलट दिशेला. पिळाबरोबर दोराची लांबी कमी होते आणि गाडा पुढे सरकतो. वजन किती ठेवावे हे ज्याच्या त्याच्या यंत्रावर ठरते; सुरुवातीचे बरेच दोर टोपलीत जातात. डोलकाठ्या पेलणारे दोर डांबरी, म्हणजे काळपट तपकिरी रंगवायचे, शिडे ओढणारे दोर कच्च्या तागाच्या रंगाचे ठेवायचे. सगळेच काळे किंवा सगळेच पिवळे असले की समजावे, कामाचा कंटाळा आला होता.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणणारे दोर जोडी-जोडीने चढतात: पहिली जोडी उजवीकडे सर्वांत पुढची, दुसरी डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. एका बाजूचे सगळे आधी बांधले तर काठी तिकडे झुकते आणि पुढे ती सरळ होत नाही. दोराच्या खालच्या टोकाला तीन भोकांची चकती असते. सगळ्या चकत्या एका रेषेत याव्यात म्हणून बांधताना तारेचा एक मापक वरच्या-खालच्या चकतीत अडकवून ठेवतात. मग चढण्याच्या पायऱ्या. प्रत्यक्षात तेरा-पंधरा इंचांवर एक दोरी, प्रतिकृतीत सात मिलिमीटरवर, प्रत्येक उभ्या दोराला दुहेरी वेढ्याची गाठ. मागे रेघा मारलेला कागद लावला की अंतर चुकत नाही. ताण मात्र हातानेच ओळखावा लागतो. एक गाठ घट्ट झाली की दोन दोर आत ओढले जातात आणि मधली सगळी ओळ कमरेत आवळल्यासारखी होते. संध्याकाळी थकल्या हाताने बांधलेल्या गाठी सकाळी सोडाव्या लागतात, हा सर्वांचाच अनुभव.

शिडे लावावीत की नाहीत यावर एकमत नाही. १:४८मध्ये खरे वाटेल एवढे पातळ कापड मिळत नाही आणि शिडे आली की मागची दोरांची सगळी रचना झाकली जाते. गुंडाळून बांधलेली शिडे हा मधला मार्ग. त्यासाठी कापड खऱ्याच्या एक तृतीयांश उंचीचे घ्यावे, नाहीतर गाठोडे फुगते.

मराठा आरमाराच्या गुराबा आणि गलबते या नौका करू पाहणाऱ्यांना यातले पहिले पाऊलच टाकता येत नाही. कोकणातले सुतार कागदी आराखड्याशिवाय, नजरेने आणि पिढीजात मापांनी बांधत. गुराबेची पुढे निघालेली लांब नाळ, त्या दिशेने डागता येणाऱ्या तोफा, गलबतांची वल्ही यांची वर्णने इंग्रजांच्या लिखाणात येतात. बरगडीची वळणे त्यांतून निघत नाहीत. असे काम झाले तर पाटीवर 'अंदाजे रचना' एवढे लिहावे, आणि किनाऱ्यावर अजून बांधल्या जाणाऱ्या लाकडी होड्यांची मापे घेऊन ते करावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पूर्ण झालेल्या जहाजाचा शत्रू पावसाळा. सुती आणि तागाचे दोर दमट हवेत फुगून आखडतात, कोरड्या हवेत सैल पडतात. उन्हाळ्यात पुण्यात ताणून बांधलेले जहाज जुलैत मुंबईला आणले तर वरच्या काठ्या वाकू शकतात. पॉलिस्टरच्या धाग्याचे दोर हा त्रास बराच वाचवतात. काचेची पेटी हवीच, पण ती हवाबंद नको. खालच्या चौकटीत जाळी लावलेली लहान भोके ठेवावीत. उन्हात ठेवले तर हेदू गडद होतो आणि कुड्याचा डेक पिवळा पडतो. पाटीवर जहाजाचे नाव, साल, प्रमाण आणि कोणत्या आराखड्यावरून काम केले हे चारही लिहावे. वापरलेली लाकडे, रंग आणि डिंक यांची यादी तळाच्या पाटाखाली डकवून ठेवावी. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाचा जोड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून सोडवता येतो, इपॉक्सीचा सहजी सोडवता येत नाही, आणि पन्नास वर्षांनी तुटलेली काठी बसवायला आलेल्याला नेमके हेच आधी कळायला हवे असते.